सत्यकथेचे अंक जमवले, पुढे काय?

पेट पास झालात, मार्गदर्शक मिळाले, विषयही जवळपास ठरला: अमक्या मासिकाचा वाङ्मयीन अभ्यास. यानंतर तुमच्यापैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "जुने अंक कुठे मिळतील?" प्रश्न चूक नाही, पण तो फार लवकर येतो. अंकातून काय शोधायचं आहे हेच ठरलेलं नसेल तर कपाट भरत जातं आणि प्रकरणं काही पुढे सरकत नाहीत.

आधीच सांगते, आजचा लेख जरा तक्रारीच्या सुरात आहे. तक्रार तुमच्याबद्दल नाही. जुनी मराठी नियतकालिकं जमवण्याची आणि त्यांच्यावर लिहिण्याची जी एक रीत आपल्याकडे पडून गेली आहे, तिच्याबद्दल आहे. मी धानोऱ्याची. गडचिरोलीहून मुरुमगावकडे आणि पुढे छत्तीसगडात जाणाऱ्या रस्त्यावरचं हे तालुक्याचं गाव. माझं पीएचडीचं काम जुन्या चांदा जिल्ह्यात मराठी मासिकं कुणाकडे येत होती आणि ती कशी वाचली जात होती, यावर आहे. त्यामुळे माझी नजर इथूनच जाणार, हे लक्षात ठेवून वाचा.

ती रीत कशी असते ते बघा. पहिल्या प्रकरणात ६ जानेवारी १८३२, बाळशास्त्री जांभेकर आणि 'दर्पण'. मग 'दिग्दर्शन', 'विविधज्ञानविस्तार', 'निबंधमाला', हरिभाऊंचं 'करमणूक', का. र. मित्रांचं 'मनोरंजन' आणि त्याचा १९०९चा दिवाळी अंक. मग 'किर्लोस्कर', आणि शेवटी धापा टाकत 'सत्यकथा'. पुढची प्रकरणं कथा, कविता, समीक्षा, संपादकीय अशी. शेवटी निष्कर्ष: या मासिकाने मराठी साहित्यात मोलाची भर घातली. आता प्रामाणिकपणे सांगा, हे सगळं लिहायला एकही जुना अंक उघडावा लागतो का? इतिहासाची दोन पुस्तकं आणि निवडक कथांचे चार संग्रह समोर असले की काम भागतं. मग अंक जमवले ते कशाला? परिशिष्टात मुखपृष्ठांचे रंगीत फोटो लावायला?

मासिक म्हणजे सुटं सुटं छापलेलं पुस्तक, ही समजूत या सगळ्याच्या मुळाशी आहे. कथा मासिकात आली, नंतर संग्रहात गेली. मासिक म्हणजे फक्त मधला थांबा. असं मानलं की संशोधकाचं काम खाणीतून धातू काढण्यासारखं होतं. कथा काढायची, बाकी माती टाकून द्यायची. मला वाटतं त्या मातीतच बरंचसं संशोधन असतं.

उदाहरण जवळचंच घेऊ. वसंत आबाजी डहाके यांची 'योगभ्रष्ट' ही दीर्घकविता 'सत्यकथे'त १९६६ साली आली. पुढे ती पुस्तकात गेली, अभ्यासक्रमांत गेली, तिच्यावर भरपूर लिहिलं गेलं. डहाके विदर्भातले, २०१२ला चंद्रपुरात साहित्य संमेलन झालं तेव्हा तेच अध्यक्ष होते. या कवितेवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी एवढंच विचारते: ज्या अंकात ती छापली गेली, त्या अंकात तिच्या आधी काय होतं? नंतर काय होतं? अक्षर केवढं होतं, कविता एकाच वेळी पुरी आली की पानं वाचवण्यासाठी दोन रकान्यांत बसवली? पुढच्या अंकांत कुणी पत्र लिहिलं का? एवढी लांब कविता मासिकाने छापायची म्हणजे संपादकाने तेवढ्या पानांवर दुसऱ्या कुणाला तरी नाही म्हटलेलं असतं. पुस्तकात ही कविता एकटी उभी आहे. अंकात ती दाटीवाटीत उभी होती, आणि पहिल्या वाचकाने ती तशीच वाचली. या प्रश्नांची उत्तरं फक्त अंकात आहेत. ती शोधायची नसतील तर पुस्तक वाचा, अंकासाठी रद्दीवाल्याकडे खेटे घालू नका.

आता अडचण अशी की जो "अंक" आपल्या हाती येतो, तो पुष्कळदा अंक नसतोच. ग्रंथालयात सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे अंक एकत्र बांधतात. बांधताना जाडी कमी व्हावी म्हणून मुखपृष्ठं आणि जाहिरातीची पानं काढून टाकण्याची पद्धत कित्येक ठिकाणी होती. बाइंडरच्या दृष्टीने तो कचरा. मग या बांधीव खंडाचं स्कॅनिंग होतं आणि पीडीएफवर नाव येतं, अमुक वर्ष, संपूर्ण. ते संपूर्ण नसतं. पृष्ठक्रमांक बघा. पुष्कळ मासिकांत जाहिरातींच्या पानांना वेगळे आकडे असत किंवा आकडेच नसत, त्यामुळे पानं गेलेली कळतही नाही.

जाहिरातीला इतकं महत्त्व कशाला, असं वाटेल. 'किर्लोस्कर' मासिकाचा जन्मच बघा ना. १९२०ला ते 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालं, नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं पत्र म्हणून. आधी कारखान्याची खबर आणि मग त्यात साहित्य, असा तो प्रवास आहे. शंकरराव किर्लोस्करांनी पुढे 'स्त्री' (१९३०) आणि 'मनोहर' (१९३४) काढली. या तिन्ही मासिकांतल्या स्त्रीप्रतिमेवर प्रबंध लिहायचा आणि साबण, शिवणयंत्र, औषधं यांच्या जाहिराती बघायच्याच नाहीत, हे कसं चालेल? एका पानावर स्त्रीने काय व्हावं याचा लेख आणि समोरच्या पानावर तिने काय विकत घ्यावं याची जाहिरात. दोन्ही पानं एकाच बाईने एकाच बैठकीत वाचली. आपण मात्र लेख वाचतो आणि समोरचं पान बाइंडरने फाडलेलं असतं.

म्हणून एखाद्या मासिकाचा बांधीव खंड मिळाला असेल तरी त्याचे चार-पाच सुटे अंक मुद्दाम शोधा. सगळे नको. चार-पाच सुट्या अंकांवरून बांधीव खंडात काय गेलं आहे याचा अंदाज येतो, आणि तो अंदाज प्रबंधात स्पष्ट लिहा.

आता 'सत्यकथे'कडे येते, कारण सगळे तिच्याकडेच येतात. १९३३ ते १९८२. सुरुवातीला नावाप्रमाणे खऱ्या गोष्टी छापणारं, हलकंफुलकं मासिक; चाळीसच्या दशकात श्री. पु. भागवत आणि पुढे राम पटवर्धन यांच्या हातात त्याचं वाङ्मयीन मासिक झालं. त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. नवकथा, नवकविता, लेखकाशी पत्रांतून घासाघीस करणारं संपादन, हे सगळं खरं आहे. माझी हरकत 'सत्यकथे'ला मोजपट्टी बनवण्यावर आहे. १९४५ ते १९८० मधलं कुठलंही मासिक घ्या, प्रबंधात त्याची तुलना 'सत्यकथे'शीच होते. जवळ गेलं तर चांगलं, दूर राहिलं तर "लोकप्रिय" किंवा "प्रादेशिक".

यावर कुणी म्हणेल, अहो पण लघुअनियतकालिकांनी हेच तर फोडलं. कोलटकर-चित्रे-समर्थ यांचं सायक्लोस्टाइल केलेलं 'शब्द' १९५५चं, अशोक शहाण्यांचं 'असो', नंतर 'येरू', 'फक्त', 'विद्रोह'. राजा ढाले यांनी १९६९ला 'सत्यकथे'चा अंक जाळला. बरोबर आहे, आणि तो मोठा प्रसंग होता. पण नकाशा काढून बघा. अंक निघाला गिरगावातून आणि जाळला गेला गिरगावातच. त्या भांडणात जात होती, वर्ग होता, भाषा होती, हे खरंच. तरी बहुतेक सगळं भांडण लोकलच्या काही स्टेशनांत मावत होतं. आपण संशोधक त्याला "प्रस्थापित विरुद्ध विद्रोही" असं नाव देतो आणि उरलेल्या महाराष्ट्राला प्रेक्षकांत बसवतो.

मुंबई-पुण्याबाहेरून मासिकं निघालीच नाहीत असं थोडंच आहे? 'केरळकोकिळ' १८८६ला कोचीनहून निघालं. केवळ कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' जळगावहून, तेही दीर्घकाळ. मर्ढेकरांच्या कविता छापणारं 'अभिरुचि' बडोद्याहून, १९४३पासून. नेमाड्यांचं 'वाचा' आणि पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' औरंगाबादहून. विदर्भ साहित्य संघाचं 'युगवाणी' नागपूरहून. हे सगळं इतिहासात नोंदवलेलं आहे. पण नोंद कशाची आहे? मासिक कुठून *निघालं* याची. ते कुठे *पोचलं*, हा प्रश्न जवळपास कुणी विचारलेला नाही. आपल्याकडे मासिकांचा इतिहास म्हणजे संपादकांचा इतिहास. वर्गणीदार त्यात नाही, टपाल नाही, ज्या ओसरीवर अंक मोठ्याने वाचला गेला ती ओसरी नाही.

धानोऱ्यातून बघताना माझ्यापुढे हाच प्रश्न येतो, कारण दुसरा येऊच शकत नाही. इथून 'सत्यकथा' निघत नव्हती. इथे आली असली तर कुणाच्या तरी नावावर, टपालाने. मग बदलीवर आलेले शिक्षक, वनखात्यातली माणसं, तलाठी, एखादं वाचनालय, असे दुवे शोधावे लागतात. आणि तेव्हा लक्षात येतं की इथे सापडलेल्या एखाद्या फाटक्या अंकाची किंमत वेगळीच आहे. त्याच महिन्याचा स्वच्छ, पूर्ण अंक मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा पुण्यात असू शकतो. मजकुरासाठी तोच वापरावा. पण इथल्या प्रतीवर जे आहे ते त्या प्रतीवर नाही: शिक्का, पत्ता, नाव, पेन्सिलीच्या खुणा.

याचं थोडं तपशिलात सांगते, कारण हे कुठल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात सहसा मिळत नाही. समजा मुखपृष्ठ गेलेला, वर्ष-महिना नसलेला एक अंक तुमच्या हाती आला. किंमत आण्यांत असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७च्या आधीचा. दशमान नाणी तेव्हा आली. "नये पैसे" असं छापलं असेल तर १९५७ ते १९६४च्या दरम्यानचा. १९६४च्या जूनपासून "नये" गेलं आणि नुसते पैसे राहिले. पत्त्यात पिनकोड असेल तर तो पत्ता १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आता शिक्का. आमचा भाग १९५६पर्यंत मध्य प्रदेशात होता, मग द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६०पासून महाराष्ट्रात. जिल्ह्याचं नाव आधी चांदा, १९६४च्या सुमारास चंद्रपूर झालं. आणि २६ ऑगस्ट १९८२ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, म्हणजे ज्या वर्षी 'सत्यकथा' बंद पडली त्याच वर्षी. त्यामुळे धानोऱ्यातल्या एखाद्या प्रतीवर "जि. चांदा" असा शिक्का असेल, "जि. चंद्रपूर" असेल किंवा "जि. गडचिरोली" असेल, तर प्रत्येकाचा अर्थ निराळा होतो. मात्र सावध राहा. रबरी शिक्का कुणी लगेच बदलत नाही, नवा करायला पैसे लागतात. जुनं नाव पुढे पाच-दहा वर्षं चालू शकतं. आणि अंक छापला कधी आणि शिक्का मारला कधी यातही अंतर असतं. 'जि. गडचिरोली'चा शिक्का १९७०च्या अंकावर असेल तर तो अंक कुठून तरी नंतर आला आहे, आणि ती "नंतर"ची गोष्ट तुमचा विषय होऊ शकते.

आणखी एक खूण. १८६७च्या छापखाना कायद्यामुळे मुद्रकाचं नाव-ठिकाण छापणं बंधनकारक होतं, म्हणून शेवटच्या पानाच्या तळाची ती बारीक ओळ कधी सोडू नका. १९५६च्या नियमांनंतर त्याहून मोठी सोय झाली. फेब्रुवारी संपल्यावर निघणाऱ्या पहिल्या अंकात "फॉर्म ४" छापावा लागे: मालक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण, भागीदार कोण. मासिक असेल तर बहुतेक वेळा मार्चचा अंक. संग्राहक दिवाळी अंकामागे धावतात. दलाल-मुळगावकरांची मुखपृष्ठं असली तर भाव चढतो. तुम्ही मार्चचे अंक शोधा. त्यांना कुणी विचारत नाही आणि पैसा कुणाचा होता ते त्यांत लिहिलेलं असतं.

एका निवृत्त शिक्षकांच्या घरी मला एका जुन्या मासिकाच्या काही सुट्या प्रती बघायला मिळाल्या. मासिकाचं नाव इथे महत्त्वाचं नाही, साधंसं कौटुंबिक मासिक. लहान मुलांसाठीच्या पानावर एक गोष्ट होती आणि समासात पेन्सिलीने देवनागरीत गोंडी शब्द लिहिलेले. पाणी या शब्दाशेजारी "येर", गाव शेजारी "नार", असे पंधरा-वीस. गुरुजींनी सांगितलं, वर्गातली बरीच मुलं घरी गोंडी बोलायची, मराठी पुस्तकातली गोष्ट त्यांना परकी वाटायची, म्हणून मासिकातली छोटी गोष्ट वाचून दाखवायची आणि अडेल तिथे गोंडी शब्द सांगायचा. ते शब्द त्यांनी मुलांनाच विचारून लिहिले होते.

हे पान बघितल्यावर मला आपल्या विषयातली सगळी शब्दावली तोकडी वाटायला लागली. "मराठी वाचक", "अभिरुची", "वाङ्मयीन संस्कार". मुंबईतल्या संपादकाने ती गोष्ट मराठी घरातल्या मुलासाठी छापली. इथे ती अर्धी मराठीत, अर्धी गोंडीत वाचली गेली. त्या मासिकाच्या कुठल्याही सूचीत, कुठल्याही स्कॅनमध्ये हे वाचन नाही. ते फक्त त्या एका प्रतीत आहे. मी ते अंक मागितले नाहीत. पानांचे फोटो काढले, गुरुजींची परवानगी लिहून घेतली, त्यांचं बोलणं त्यांच्या संमतीने रेकॉर्ड केलं आणि अंक होते तिथेच ठेवले.

"मागितले नाहीत" हे मुद्दाम लिहिलं, कारण माझी मुख्य हरकत इथेच आहे. जमवणं हा सद्गुण मानला जातो. "त्यांच्याकडे 'सत्यकथे'चा पूर्ण संच आहे" असं आपण आदराने म्हणतो. पण गावातून अंक उचलून स्वतःच्या कपाटात लावला की त्याचा मजकूर वाचतो आणि त्याचा पत्ता मरतो. गावाकडच्या प्रतीचं वेगळेपण तिच्या जागेत असतं, आणि संग्राहक नेमकी जागाच पुसतो. पुष्कळ जण तर संच नीट दिसावा म्हणून फाटकी, लिहिलेली प्रत देऊन स्वच्छ प्रत घेतात. संशोधनाच्या बाजूने बघितलं तर हा उलटा व्यवहार झाला.

याची दुसरी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. अंक जागेवर ठेवला आणि वाळवीने खाल्ला तर? आमच्याकडचा पावसाळा आणि कौलारू घरं ज्यांनी बघितली आहेत त्यांना हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. कुणीतरी जमवलं म्हणूनच वाचलं, अशी उदाहरणं खूप आहेत. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) आज तुम्हाला सहज वाचता येतात, कारण नागपूरच्या वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९९०ला ते पुन्हा छापले. ते काम हौशीने झालेलं नाही; एका समाजाला आपली कागदपत्रं हवी होती. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मुंबईच्या कवींच्या कागदपत्रांचा संग्रह उभा राहिला आहे. अंजली नेर्लेकर यांचं 'बॉम्बे मॉडर्न' (२०१६) हे कोलटकरांवरचं पुस्तक या अर्थाने जरूर बघा; त्यात लघुअनियतकालिकं कविता काढून घेण्याची खाण म्हणून येत नाहीत, तर कागद, छपाई, वाटप यांसकट येतात. मला हवी असलेली पद्धत बरीचशी तिथे आहे. पण गिरगावातली सायक्लोस्टाइल पानं नीट बघायला सातासमुद्रापलीकडे जावं लागावं, ही गोष्ट मराठी संशोधकाला टोचायला हवी. टोचली तर त्याचा राग कॉर्नेलवर काढू नका. त्यांनी जपलं. आपल्याकडे ते कुठे ठेवता आलं असतं, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांना विचारा.

आता इथल्या विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः गोंडवाना विद्यापीठात नाव नोंदवणाऱ्यांसाठी. "आमच्या भागात जुनी मासिकं नाहीतच, मग नागपूर किंवा पुणं गाठावं लागणार," असं मला नेहमी ऐकायला मिळतं. "वाङ्मयीन नियतकालिक" या शब्दाची व्याख्या पुण्यातून आणली तर नाहीतच. पण व्याख्या सैल करून बघा. झाडीपट्टीत धान कापून झालं की मंडईचे दिवस येतात आणि नाटकं सुरू होतात. वडशाच्या कंपन्या गावोगाव जातात. प्रत्येक प्रयोगाचं पत्रक निघतं: नाटकाचं नाव, लेखक, कलाकार, गाव, तारीख, तिकीट. ते दर हंगामाला नेमाने निघतं, छापील असतं आणि सांस्कृतिक तर असतंच. नियतकालिकाच्या सगळ्या अटी जवळपास पुऱ्या होतात, फक्त कुणी ते जपत नाही. एका गावाच्या वीस वर्षांच्या पत्रकांवर एक चांगलं प्रकरण होईल. मग झाडीबोली साहित्य मंडळाच्या संमेलनांच्या स्मरणिका; चंद्रपूरला १९७९ आणि २०१२ला झालेल्या मराठी साहित्य संमेलनांची कागदपत्रं; महाविद्यालयांचे वार्षिकांक; तुकडोजी महाराजांच्या मंडळांतून घरोघरी गेलेलं 'श्रीगुरुदेव'; आणि सुन्हेरसिंह ताराम यांचं हिंदी 'गोंडवाना दर्शन'. हे शेवटचं मराठी नाही म्हणून मराठीच्या संशोधकाने वगळायचं का? मला तसं वाटत नाही. ज्या घरात गोंडी बोलतात, मराठी शिकतात आणि हिंदी मासिक वाचतात, त्या घराची वाङ्मयीन अभिरुची एका भाषेच्या विभागात कशी बसवणार? विभागाची हद्द ही विद्यापीठाची सोय आहे.

वार्षिकांकांबद्दल एक वेगळी सूचना. त्यांत साहित्य म्हणून फारसं काही हाती लागणार नाही, प्रेमाच्या आणि पावसाच्या कविताच जास्त. तरी टाकू नका. पहिल्या पिढीतला शिकणारा मुलगा छापील मराठीत पहिल्यांदा काय लिहितो, कुठला शब्द बोलीतून येऊ देतो आणि कुठला झाकतो, हे तिथे जितकं उघडं दिसतं तितकं प्रस्थापित मासिकात दिसत नाही, कारण तिथे संपादकाने हात फिरवलेला असतो.

वाचनालयांत जाल तेव्हा आधी अंक मागू नका, नोंदवह्या मागा. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानंतर अनुदानित वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले आणि तपासणीसाठी नोंदी ठेवणं आलं. मासिकं बांधून घेतल्याशिवाय बहुधा दाखल नोंदवहीत चढत नाहीत, त्यामुळे तिथे ती दिसली नाहीत तर "नव्हती" असा निष्कर्ष काढायचा नाही. वर्गणीची पावती, खर्चाचं पुस्तक, देवघेव वही, रद्दी विकल्याचा ठराव, यांत ती सापडतात. रद्दी विकल्याचा ठराव विशेष वाचनीय असतो. कुठल्या वर्षी, किती किलो, आणि कधीकधी नावासकट. अंक गेला तरी तो होता याचा पुरावा त्या ठरावात शिल्लक राहतो. नोंदवही बघायला ग्रंथपाल कुरकुर करतील. पत्र घेऊन जा, दोनदा जा, त्यांना वेळ असेल तेव्हा बसा.

मासिकांच्या पानांतही वाचकाचे पत्ते असतात. वाचकांची पत्रं, शब्दकोड्यांचे विजेते, वर्गणीदारांना दिलेल्या सूचना. "चांदा", "गडचिरोली", "ब्रह्मपुरी", "वडसा" ही नावं दिसली की टिपून ठेवा. मी अशी वही केली आहे, गाव-महिना-वर्ष-मासिक एवढेच चार रकाने. ज्यांना साहित्यसमीक्षा करायची आहे त्यांना हे कारकुनी काम वाटेल. पण कुठल्या कथेवर कुठल्या गावातून पत्र आलं, हे कळल्याशिवाय त्या कथेच्या "प्रभावा"बद्दल जी वाक्यं आपण प्रबंधात लिहितो, ती कशाच्या जोरावर लिहितो?

सूची म्हणून दाते, काळे आणि बर्वे यांच्या मराठी नियतकालिकांच्या सूचीपासून सुरुवात करा. शंकर गणेश दाते यांनी आयुष्य घातलेलं हे काम, त्याला पर्याय नाही. मर्यादा दोन: ती १९५०पर्यंतच येते, आणि ग्रंथालयांत जपलेलं तेवढंच तिच्यात येऊ शकतं. १९५०नंतरचं, आणि ग्रंथालयात कधी न पोचलेलं, तुम्हालाच करायचं आहे.

आणि विकत घ्यायचंच असेल तर? घ्या, मीही घेते. फक्त घेतल्याच्या दिवशीच अंकाच्या आत एक चिठ्ठी ठेवा: कुठून घेतला, कुणाच्या घरातून आला असं विक्रेत्याने सांगितलं, सोबत गठ्ठ्यात आणखी काय होतं. पेन्सिलीने लिहा, शाई उतरते. टाचणी गंजली असेल तर काढा, पण समासातलं लिखाण खोडू नका. गठ्ठ्यात दोन वेगळी मासिकं एकत्र बांधलेली आढळली तर सोडवण्याआधी फोटो काढा. कुणीतरी ती दोन एकत्र वाचत होतं.

पुढच्या वेळी परवानगीपत्राचा नमुना देईन. गोंडी, मराठी आणि हिंदी तिन्हीत लागेल, कारण नुसत्या मराठीतल्या कागदावर सही घेणं आणि संमती घेणं या आमच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.